मागलाईचं पाणी

कात्रजचा बोगदा ओलांडून, खेड शिवापूरच्या अलीकडे
हायवे सोडला की जो बोडका डोंगर दिसतो,
त्याच्या माथ्यावर मागलाई.
दोनशे एक्याऐंशी पायऱ्या. मी मोजल्यात,
कारण पाइप मला टाकायचा होता.

काळ्या दगडाचं देऊळ, चुन्याशिवाय रचलेलं.
उंबऱ्यापाशी शिलालेख, पायांनी अर्धा झिजलेला.
ट्रस्टचे अध्यक्ष म्हणाले, हजार वर्षं जुना.
गुरव म्हणाला, दोन हजार.
मग दोघांनी माझ्याकडं बघितलं,
जसं काही मीटर माझ्याजवळ होतं.

गुरवाची गोष्ट अशी:
एक भक्त तिला घेऊन निघाला दूर पूर्वेकडून.
ती म्हणाली, येते, पण वळून बघू नकोस.
इथवर आला. मागचे पैंजण ऐकू येईनात.
वळला. झालं.
होती तिथं शिळा झाली,
मागं राहिली म्हणून मागलाई.
शंका आली त्याला, असं म्हणत गुरव
आरतीचं ताट माझ्यापुढं धरतो.

म्हणून चढताना कुणी मागं बघत नाही.
आया लेकरांना पुढं घालतात.
नवा नवरा पुढं, नवरी मागं,
तिच्या जोडव्यांवर कान ठेवून तो चालतो;
आवाज थांबला की हाही थांबतो, दीपमाळेसारखा.
हल्लीची पोरं मोबाइल डोक्यावर धरून
न वळता मागचं सगळं बघून घेतात.
हा तोडगा देवीला सुचला नव्हता.

पाणी मात्र पायथ्याच्या बारवेतलं.
रोज एक घागर, वाटेत टेकवायची नाही.
मान गवाऱ्यांच्या घराचा.
मान म्हणजे वर्षाला एक नारळ, एक पागोटं
आणि खांद्यावर पडलेला घट्टा.
चिमाजी गवारीला वय विचारलं
तर म्हणाला, "घागरी मोज."

पाच हॉर्सपॉवरची मोटर, दोन इंची पाइप.
बटण दाबलं, वर टाकीत धो धो.
अध्यक्षांनी नारळ फोडला, पेढे वाटले,
चिमाजीला दोन दिले.
तो पाइपाला तळहात लावून उभा होता,
गाभण गाईच्या पोटाला लावतात तसा.

मग बारवेच्या पायरीवर बसून
त्यानं त्यांच्या घरातली गोष्ट सांगितली.
वळला, हे खरं.
पण शंका कसली? चैताचं ऊन होतं.
चढ लागला, पैंजण थांबले,
त्याला वाटलं, बाई लांबून चालत आलीय,
तहान लागली असंल.
विचारायला वळला.
"मग पाणी?"
"ते द्यायचं राह्यलं," चिमाजी म्हणाला,
"तेच देतोय."

मी बिल लावलं. निम्मं अजून येणं आहे.

गुरुवारी आमच्याकडं लाइट जाते,
दुरुस्तीसाठी, सकाळी नऊपासून.
गुरवाचा फोन: व्हॉल्व्ह रात्री उघडा राहिला,
टाकी कोरडी, देवी पारोशी, लवकर या.
गेलो. स्टार्टर मेल्यासारखा गप्प.
वर बघितलं तर चिमाजी निम्म्या चढावर,
खांद्यावर घागर,
उन्हात तांब्याचा एक ठिपका.

मीही चढू लागलो त्याच्या मागं.
कमरेच्या पट्ट्याला पान्हे, पक्कड, टेस्टर;
पाऊल टाकलं की एकमेकांवर वाजायचे.
दोनशेच्या पुढं दम लागला.
थांबलो. पान्हे थांबले.

तोही थांबला.
मान सरळ. घागरीतलं पाणी
हिंदकळून हळूहळू जागेवर आलं.
"पाणी पाहिजे का?"
पुढंच बघत त्यानं विचारलं.

पाहिजे होतं.
पण काय म्हणावं ते सुचेना.
गोष्टीत ती काहीच बोलत नाही.